पॉकेट नसलेलं टेबल आणि मासाको कात्सुरा

सुरुवातीलाच एक घोळ मिटवून टाकतो. ‘कॅरम चॅम्पियन’ म्हटलं की तुम्हाला बोरिक पावडर, सोंगट्या आणि क्वीनच्या कव्हरवरून झालेली भांडणं आठवणार. हा तो कॅरम नाही. हा कॅरम बिलियर्ड्स.

मोठं टेबल, तीन बॉल, हातात क्यू आणि टेबलाला एकही पॉकेट नाही. पुण्यात जन्मलेले आपले विल्सन जोन्स १९५८ मध्ये ज्या बिलियर्ड्समध्ये जगज्जेते झाले, त्यात पॉकेट असतात. इथे नाहीत. आपला बॉल उरलेल्या दोन्ही बॉलना लागला की एक पॉइंट, बस्स. सोपं वाटतंय ना? मग त्यातला थ्री-कुशन प्रकार ऐका. दुसऱ्या बॉलला लागण्याआधी तुमच्या बॉलने टेबलाच्या कडांना किमान तीनदा आपटून यायचं. त्या काळात एका पाळीला सरासरी एक पॉइंट काढणारा माणूससुद्धा जगातल्या भारी खेळाडूंमध्ये मोजला जायचा.

तर मासाको कात्सुरा. जन्म टोकियोचा, १९१३. ती बारा वर्षांची असताना वडील गेले. मग ती बहिणीकडे राहायला गेली. बहिणीच्या नवऱ्याचा बिलियर्ड्स हॉल होता. चौदाव्या वर्षी मासाको तिथे कामाला लागली. गिऱ्हाइकांची सरबराई, आणि वेळ मिळेल तेव्हा सराव. पंधराव्या वर्षी ती जपानमधली महिलांची स्ट्रेट रेल स्पर्धा जिंकली. स्ट्रेट रेल म्हणजे तीन कडांची अट नसलेला प्रकार. त्यात पुढे तिने एका प्रदर्शनात सलग १०,००० पॉइंट काढले. पण खरी शाळा झाली ती जपानचा विजेता किनरे मात्सुयामा याच्या हाताखाली. त्याने तिला थ्री-कुशन शिकवलं. जपानच्या राष्ट्रीय थ्री-कुशन स्पर्धेत ती तीनदा दुसरी आली. समोर पुरुष होते, हे सांगायला नकोच.

महायुद्ध संपलं. जपानमध्ये आलेल्या अमेरिकी सैनिकांपुढे ती खेळ करून दाखवायची. १९५० मध्ये अमेरिकी लष्करातल्या व्हर्नन ग्रीनलीफशी तिचं लग्न झालं आणि पुढच्या वर्षी ती अमेरिकेत पोचली. इंग्रजी जेमतेम.

१९५२. सॅन फ्रान्सिस्को. माजी जगज्जेता वेल्कर कॉक्रन याच्या ‘९२४ क्लब’मध्ये जागतिक थ्री-कुशन स्पर्धा. कॉक्रनने तिला आमंत्रण दिलं. जागतिक किताबासाठी उतरलेली ती पहिली बाई. दहा खेळाडू, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, आधी पन्नास गाठेल तो जिंकला. गर्दी तिलाच बघायला यायची. पाच फुटांची, बारीक अंगाची, आणि समोर साठी ओलांडलेला विली हॉपी, ज्याच्या नावावर तोवर पन्नास जागतिक किताब होते! हॉपीने एक्कावन्नावाही घेतला आणि त्याच वर्षी निवृत्त झाला. मासाको सातवी आली. पण येताना तिने रे किलगोरला हरवलं होतं. पुढच्या वर्षी जगज्जेता झाला तो हाच किलगोर.

तिच्याबद्दल आज जे काही वाचायला मिळतं, ते बहुतेक इथेच थांबतं. पहिली बाई, टाळ्या, विषय संपला. मला हे अर्धवट वाटतं. १९५२ ला सातवी. १९५३ ला शिकागोमध्ये पाचवी. १९५४ ला ब्युनोस आयर्समध्ये चौथी. हा आलेख बघा ना! ही नवलाई म्हणून बोलावलेली पाहुणी नाही, ही दर वर्षी वर चढणारी खेळाडू आहे.

मग अडलं कुठे? तिच्या हातात नाही अडलं. अमेरिकेत कॅरम बिलियर्ड्सचेच दिवस भरत आले होते. हॉपी गेला तसा गर्दी खेचणारा शेवटचा मोठा माणूस गेला. मासाकोने आधी कॉक्रनसोबत दौरे केले, खेळावर दोन पुस्तकं लिहिली, १९५९ मध्ये टीव्हीवरही झळकली. म्हणजे लोकांना ती बघायला हवी होती, पण तिच्यासाठी स्पर्धाच उरत नव्हत्या. १९६१ मध्ये तिने हॅरल्ड वर्स्टला किताबासाठी आव्हान दिलं आणि हरली. तेव्हा ती अठ्ठेचाळीसची होती. त्यानंतर जवळजवळ गायबच. १९६७ मध्ये नवरा वारला.

आणि मग १९७६ चा तो किस्सा, जो मला सगळ्यात जास्त आवडतो. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका हॉलमध्ये ती अचानक आली. कुणाचा तरी क्यू मागून घेतला, सलग १०० पॉइंट काढले आणि निघून गेली. १९९० च्या सुमारास ती जपानला परतली आणि १९९५ मध्ये तिथेच वारली.