बहुसूत्री संस्करण व वैज्ञानिक संगणकसमूह

एकाच प्रोसेसरकडून दोन वा अधिक आदेशप्रवाह (सूत्रे) आळीपाळीने किंवा एकाच वेळी पार पाडण्याची पद्धती म्हणजे बहुसूत्री संस्करण होय. संगणकसमूहातील प्रत्येक यंत्रावर किती कार्ये एकदम चालवावयाची, म्हणजेच किती ‘जॉब स्लॉट’ ठेवावयाचे, हा प्रश्न तिच्याशी निगडित आहे.

स्मृतीतून माहिती येईपर्यंत प्रोसेसरमधील आकडेमोडीचे विभाग रिकामे राहतात. हा वेळ कारणी लावण्याची कल्पना जुनी आहे. सीमोर क्रे यांच्या सीडीसी ६६०० (१९६४) संगणकात दहा परिधीय प्रोसेसर एकच अंकगणित विभाग आळीपाळीने वापरीत. बर्टन स्मिथ यांनी डेनेलकॉर कंपनीच्या एचईपी (१९८२) संगणकात हे तत्त्व मुख्य गणनेस लावले. एकाच कालस्पंदात अनेक सूत्रांचे आदेश पाठविण्याची पद्धती डीन टल्सन, सुझन एगर्स व हेन्री लेव्ही यांनी १९९५ मध्ये मांडली. इंटेल कंपनीने २००२ मध्ये ती ‘हायपर-थ्रेडिंग’ या नावाने बाजारात आणली. तीत एक प्रोसेसर प्रचालन प्रणालीस दोन भासतो. तथापि आकडेमोडीचे विभाग व द्रुतस्मृती सामाईकच असतात. म्हणून काम दुप्पट होत नाही. काही चाचण्यांत ३०% पर्यंत वाढ झाल्याचे कंपनीने नमूद केले.

समजा, १६ प्रोसेसरांच्या यंत्रावर १६ कार्ये १० तासांत पुरी होतात. ३०% लाभ धरल्यास ३२ कार्यांस सु. १५·४ तास लागतील : एकूण काम वाढेल, परंतु प्रत्येक कार्य रेंगाळेल. शिवाय स्मृती तेवढीच राहते. सर्न येथील कणभौतिकीच्या प्रयोगांत दर कार्यास सु. २ गिगाबाइट स्मृती गृहीत धरली जात असे. यंत्रात ३२ गिगाबाइटच असल्यास ३२ कार्यांच्या वाट्यास प्रत्येकी एकच येते; मग माहितीची डिस्कवर ने-आण सुरू होऊन मिळालेला लाभही नाहीसा होतो. यामुळे स्लॉटांची संख्या अनेकदा प्रोसेसरांपेक्षा स्मृतीच ठरविते.

हिशोबाचा प्रश्नही यातूनच उद्‌भवला. अर्ध्या प्रोसेसरचा तास हा पूर्ण प्रोसेसरच्या तासाबरोबरीचा नसल्याने निरनिराळ्या केंद्रांचे योगदान केवळ तासांत मोजणे अन्यायकारक ठरते. त्यासाठी २००९ पासून एचईपी-स्पेक०६ व २०२३ पासून एचईपीस्कोअर२३ ही मापे कणभौतिकीत योजण्यात आली. स्मृतीची टंचाई टाळण्यासाठी सीएमएस प्रयोगाने सु. २०१५ पासून, तर ॲटलासने २०२२ पासून बहुसूत्री आज्ञावली मोठ्या प्रमाणावर स्वीकारल्या. त्यांत एकाच कार्याची अनेक सूत्रे शोधकयंत्राच्या रचनेची माहिती सामाईकपणे वापरतात.