घाट चढण्याची विद्या

मालवण किंवा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर उभें राहून पूर्वेकडे पाहिलें म्हणजे माडांच्या शेंड्यांपलीकडे सह्याद्रीची निळी भिंत दिसते. समुद्रापासून ती फार दूर नाहीं. परंतु तिच्या माथ्यावर मीठ, मासळी आणि नारळ पोंचवावयाचे कसे, हा या किनाऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रश्न होता. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारें ६९० मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीवर एक मण ओझें उचलण्याचें काम तांड्याच्या बैलाला, आगगाडीला आणि मोटारीला सारखेंच. भेद एवढाच, कीं तें काम कोण किती वेळांत आणि किती अंतर तोडून करतो. घाट चढण्याची सारी विद्या या एका भेदांत सांठविलेली आहे.

पूर्वीं वेंगुर्ल्याहून बेळगांवकडे जाणारा माल रामघाटानें चढत असे. पाठीवर गोणी लादलेल्या बैलांचे तांडे त्या वाटेनें जात. वर जातांना मीठ, खालीं येतांना धान्य. उभ्या वाटेनें अंतर वांचतें खरें, पण प्रत्येक पावलाला जनावरास आपलें अंग आणि पाठीवरचें ओझें दोन्ही उचलावीं लागतात; म्हणून गोणींत माल थोडाच भरतां येई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पारपोलीवरून आंबोलीस चढणारा गाडीरस्ता झाला. त्यांतली युक्ति सोपी होती. डोंगराशीं समोरासमोर झुंजण्याऐवजीं वळणें घेऊन वाटच लांब केली. वीस हात चालावें आणि एक हात चढावें असा चढ राखला, तर वीस मणांची गाडी वर नेण्यास, चाकांचें घर्षण सोडल्यास, एका मणाचाच ओढा पुरतो. अंतर द्यावें आणि जोर घ्यावा, असा हा सौदा. पुढें मोटारीच्या पोटांतील दांतेरी चाकांनीं जें केलें, तेंच येथें डोंगराच्या अंगावर माती-दगडांत आधीं कोरलेलें होतें.

या रस्त्यामुळें वेंगुर्ल्याचें बंदर बेळगांवच्या बाजारपेठेस आणि तेथील छावणीस जोडलें गेलें. गलबतांतून उतरलेलें सामान बैलगाड्यांवर चढे, आणि गाडीवान, हमाल, अडत्ये व वाटेवरील दुकानदार अशा अनेकांची चूल त्यावर पेटे. पण ज्याचा सौदा अधिक किफायतीचा, त्याच्याकडे व्यापार वळतो. १८८८ च्या सुमारास मुरगांव बंदरापासून निघालेला लोहमार्ग घाट चढून कॅसलरॉकला पोंचला. लोखंडी चाक लोखंडी रुळावर हलकें फिरतें, पण तें घसरतेंही लवकर. म्हणून सदतीस फुटांस एक फूट चढणाऱ्या त्या घाटांत गाडीला जादा एंजिनांचें पाठबळ द्यावें लागतें. असें असूनही कित्येक बैलगाड्यांचा माल एका खेपेंत वर जाऊं लागला आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरत गेला. घाट चढण्याची एक रीत मागें पडली, तशी एका बंदराची भरभराटही तिच्याबरोबर मागें पडली.

विसाव्या शतकांत मोटार आली आणि जुना गाडीरस्ता पुन्हां जागा झाला. परंतु मोटारीची प्रकृति निराळी. बैल जागच्या जागीं खूर रोवून जोर लावूं शकतो. वाफेचें एंजिनही उभ्या स्थितींतून ओढूं शकतें. पेट्रोल किंवा डिझेलचें एंजिन मात्र फिरत असेल तरच कामाचें. फेरे फार मंदावले कीं तें बंद पडतें. म्हणून एंजिन आणि चाकें यांना हळूहळू जोडणारा क्लच लागतो, आणि एंजिनाचे पुष्कळ फेरे घेऊन चाकाला थोडेच फेरे देणारे गियर लागतात. पहिल्या गियरमध्यें गाडी मुंगीसारखी चालते, पण तिच्या चाकांत हत्तीचें बळ येतें. १ जून १९४८ रोजीं अहमदनगर-पुणें मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धांवली. पुढें फोंडा आणि आंबोली हे घाट एस्‌. टी.च्या नित्याच्या वाटा झाल्या. मुरलेल्या चालकाचा नियम असा, कीं चढ अंगावर येण्यापूर्वींच गियर उतरवावा आणि ज्या गियरमध्यें घाट चढावा त्याच गियरमध्यें तो उतरावा. पहिल्या नियमानें क्लच जळत नाहीं. दुसऱ्या नियमानें माणसें वांचतात.

हाच सौदा माणसाच्या हाताविना करणारी रचना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्रचारांत आली. हॉलंडांतील डाफ कारखान्यानें १९५८ सालीं रबरी पट्ट्यावर चालणारी मोटार लोकांपुढें आणली. बर्फावर धांवणाऱ्या स्नोमोबाइल गाड्यांत याच जातीची रचना असते, आणि १९८४ च्या सुमारास पुण्याच्या कायनेटिक होंडा स्कूटरनें ती महाराष्ट्राच्या घरोघरीं पोंचविली. तींत दोन कप्प्या असून प्रत्येक कप्पी दोन तिरप्या तबकड्यांची असते. एंजिन वेगानें फिरूं लागलें कीं पुढल्या कप्पींतील वजनें बाहेर फेंकलीं जातात आणि तबकड्यांना जवळ ढकलतात. पट्टा वर सरकतो आणि गाडीचा वेग वाढतो. चढावर चाकाला ताण पडला, कीं मागली कप्पी आपल्या स्प्रिंगच्या व तिरप्या खांचांच्या योगानें मिटूं लागते आणि पट्टा आपल्याकडे खेंचून घेते. वेग घटतो, जोर वाढतो.

डोंगरासाठीं हें यंत्र जुळवावयाचें म्हणजे मुख्यतः तीं वजनें पारखावयाचीं. तीं जड असलीं तर एंजिनाला पुरी ताकद येण्यापूर्वींच पट्टा वर चढतो आणि गाडी चढावर गुदमरते. तीं हलकीं केलीं तर एंजिन अधिक फेऱ्यांवर राहून चढ ओढतें. मात्र सपाटीवर तेंच उगाच ओरडतें आणि इंधन खातें. गुलमर्गसारख्या अडीच हजार मीटरांहून उंच ठिकाणीं विरळ हवेमुळें साध्या एंजिनाची सुमारें पाव शक्ति जाते. तेथील स्नोमोबाइलला हलकीं वजनें आणि खालचें गियर द्यावें लागतें तें यासाठीं. आंबोलीस हा तोटा शेंकडा सात-आठच. तेथें स्कूटरला जाचतें तें दोन माणसांचें ओझें आणि न संपणारा चढ. पट्टा घसरून तापला, कीं रबराचा वास प्रथम सूचना देतो.

उतरतांना मात्र या सोयीची किंमत कळते. वेग फार कमी झाला कीं अशा स्कूटरचा क्लच आपोआप सुटतो, एंजिन गाडीला मागें धरीत नाहीं आणि सारा भार ब्रेकांवर येतो. सतत दाबलेले ब्रेक तापून नेमक्या खालच्या वळणावर दगा देतात. पावसाळ्यांत धुक्यांतून दाणोलीकडे उतरणाऱ्या हौशी प्रवाशानें दोन्ही ब्रेक आळीपाळीनें वापरावे, मधून थांबावें आणि वेग आधींच आवरावा.

१९९८ सालीं पूर्ण झालेल्या कोंकण रेल्वेनें दीडशें फुटांस एका फुटाहून अधिक चढ आपल्या मार्गांत ठेवला नाहीं. ती सह्याद्रीच्या पायथ्यानेंच निघून गेली. पण वेंगुर्ल्याहून बेळगांवला जाणाऱ्याला ही मुभा नाहीं. तांड्याच्या बैलानें थोडें ओझें घेऊन, गाडीवानानें लांब वाट धरून आणि मोटारीनें वेग सोडून डोंगराचें देणें फेडलें. तें बुडवूं पाहणारास घाटानें कधीं माफ केलेलें नाहीं.