पाण्यातला जन्म आणि पहिला श्वास

पाण्यात जन्मलेलं बाळ बुडत कसं नाही, हा प्रश्न आपल्या सगळ्यांनाच पडतो. त्यासाठी आपण फ्रान्समधल्या पितिव्हिए या गावी जाऊ. तिथल्या सरकारी रुग्णालयात डॉ. मिशेल ओदाँ यांनी १९७०च्या दशकात प्रसूतिगृहात पाण्याचा हौद आणला, तो बाळंतिणीच्या कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून. काही बायका बाहेर यायलाच तयार होईनात. मुलं पाण्यातच जन्मली. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये ओदाँ यांनी यावर लेख लिहिला आणि जगभर चर्चा सुरू झाली.

आता मूळ प्रश्न. पोटात बाळाची फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात. प्राणवायू येतो तो वारेतून, नाळेवाटे. हा पुरवठा चालू आहे तोवर बाळाचं श्वासावाचून अडत नाही. हवा लागली, गारवा जाणवला, नाळेचं काम थांबलं, की पहिला श्वास. म्हणजे बाळाला राखते ती वार, पाणी नव्हे. पुरवठा आधीच तुटला, तर बाळ पाण्यातच धाप घेऊ शकतं. म्हणून शंका येताच बाईला हौदाबाहेर काढतात, आणि जन्मलेल्या बाळाला लगेच वर घेतात. हौद आला आईसाठी. बाळासाठी लागते ती जागती नजर, हे आपण विसरू नये.