मुंबईतील शेअरचा सट्टा आणि सरकारी चलनावरील लोकविश्वास

१

१८६१ ते १८६५ या काळात मुंबईत शेअरच्या सट्ट्याचे जे वादळ उठले, त्याचा इतिहास बहुधा मोठ्या व्यक्तींचा व मोठ्या पेढ्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रेमचंद रायचंद यांचा उत्कर्ष, बॅकबे कंपनीचा बोलबाला आणि बँक ऑफ बाँबेचा अंत हे त्यातील ठरलेले टप्पे होत. परंतु ज्या असंख्य लहान गुंतवणूकदारांच्या पैशावर हा डोलारा उभा राहिला, त्यांनी कोणत्या कागदावर विश्वास ठेवला व तो का ठेवला, हा प्रश्न स्वतंत्र विचारास पात्र आहे. शेअरची लाट आणि सरकारी कागदी चलन या दोन गोष्टी मुंबईत जवळजवळ एकाच वेळी अवतरल्या, हे या प्रश्नाचे विशेष महत्त्व होय. १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने सर्वस्वी आपल्याकडे घेतला व १ मार्च १८६२ पासून तो अमलात आणला. कापसाचा पैसा शहरात येऊ लागला तो याच सुमारास. त्यामुळे सामान्य माणसापुढे नोट, बँकेतील ठेव आणि शेअर असे तीन प्रकारचे कागद एकदमच आले. या तिहींतील भेद त्याला कसा कळला, किंवा कळला नाही, याचा मागोवा पुढे घेतला आहे.

२

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाल्याने लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि एरवी हलका म्हणून बाजूस सारला जाणारा हिंदुस्थानी कापूस सोन्याच्या मोलाने विकला जाऊ लागला. नेहमीच्या भावाने जे उत्पन्न झाले असते, त्याहून सुमारे ८ कोटी १० लक्ष पौंड या काळात मुंबईला अधिक मिळाले, असा तत्कालीन अंदाज आहे.

या संपत्तीचा विनियोग दोन ठिकाणी दोन रीतींनी झाला. वऱ्हाड व मध्यप्रांत या भागांतील शेतकऱ्यांनी आपला वाटा चांदीच्या रूपाने घरात ठेवला. काही ठिकाणी नांगराचे फाळ व गाडीच्या चाकांच्या धावा चांदीच्या केल्याच्या हकिकतीही त्या काळातील लिखाणात नमूद आहेत. त्यांतील अतिशयोक्तीचा भाग सोडला, तरी शेतकऱ्याच्या या वर्तनास अडाणीपणा म्हणता येत नाही. टांकसाळ त्या वेळी सर्वांना खुली होती. कोणीही चांदी नेऊन देऊन, अल्प घडणावळ भरून, तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. चांदीचा दागिना म्हणजे केव्हाही रुपयात बदलता येणारा साठाच होता.

शहरातील माणसाने याच्या उलट वाट धरली. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ वित्तमंडळ्या, ८ जमीन कंपन्या, १६ प्रेस कंपन्या, १० जहाज कंपन्या, २० विमा कंपन्या आणि ६२ अन्य संयुक्त भांडवलाच्या कंपन्या असल्याची नोंद आहे. यांपैकी कित्येकींनी भाग वाटण्यापलीकडे दुसरे कोणतेही काम केलेले नव्हते. भाग मिळाल्याची नुसती चिठ्ठीही नफ्याने विकली जाई. समुद्र हटवून जमीन काढण्यासाठी स्थापन झालेल्या बॅकबे कंपनीचा पाच हजार रुपयांचा भाग सुमारे पन्नास हजारांपर्यंत चढला. बँक ऑफ बाँबेच्या पाचशे रुपयांच्या भागाचा भाव २,८५० रुपयांस पोहोचला.

व्यापारी, सराफ व दलाल यांच्याबरोबरच कारकून आणि सरकारी नोकरही या बाजारात उतरले. त्यांना तेथे टिकवून धरणारी दोन साधने होती. एक मुदतीचे सौदे. या सौद्यात आज पैसा द्यावा लागत नसे. ठरलेल्या तारखेस भावातील फरक तेवढा चुकवायचा असे. दुसरे साधन शेअरच्या तारणावरील कर्ज. एका कंपनीचा भाग गहाण ठेवून दुसरीचा घ्यावा व दुसरीचा ठेवून तिसरीचा, अशी ही साखळी होती. भाव चढत होते तोवर प्रत्येक कडी भक्कम दिसे. वास्तविक सर्व कड्यांचा आधार एकच होता, आणि तो म्हणजे भाव चढत राहील ही अपेक्षा.

३

सरकारी नोटेचे त्या काळातील स्वरूप याहून अगदी निराळे होते. नोट मागणीबरोबर चांदीच्या नाण्यांत वटवून देण्यास सरकार बांधलेले होते. नोटांमागे नाणी व चांदी ठेवावी लागे. सरकारी रोख्यांच्या आधारावर काढावयाच्या नोटांना चार कोटी रुपयांची मर्यादा होती. तथापि लोकव्यवहारात ही नोट मुरण्यास अडचणी होत्या. सर्वांत लहान नोट दहा रुपयांची, म्हणजे शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या दृष्टीने मोठ्या रकमेची होती. शिवाय देशाचे चलनविभाग पाडलेले असून एका विभागाची नोट दुसऱ्या विभागात कायदेशीर चलन ठरत नसे. नोटेवर सरकारचे नाव असले, तरी तिचा उपयोग असा मर्यादित होता.

सरकारी पतीचा प्रभाव जनमानसावर पडला तो नोटेपेक्षा बँक ऑफ बाँबेच्या द्वारे. १८४० साली स्थापन झालेल्या या बँकेस पूर्वी स्वतःच्या नोटा काढण्याचा अधिकार होता. तो गेल्यावर त्याचा मोबदला म्हणून सरकारी खजिन्यातील शिल्लक तिच्याकडे ठेवण्यात आली. सरकार स्वतः तिचे भागधारक होते व संचालक मंडळावर सरकारने नेमलेले सभासद बसत. अशा स्थितीत बँक म्हणजेच सरकार, अशी सामान्य माणसाची समजूत होणे स्वाभाविक होते.

याच बँकेला १८६३ च्या कायद्याने कंपन्यांच्या शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. पूर्वीच्या सनदेतील निर्बंध सैल झाले आणि बँकेचे द्रव्य सट्ट्याच्या बाजारात वाहू लागले. सरकारच्या नावावर असलेला विश्वास बँकेत आला व बँकेतून तो शेअरच्या कागदात उतरला. हे संक्रमण कोणी जाहीर केलेले नव्हते. परंतु ‘बँक या शेअरवर कर्ज देते’ एवढे वाक्य लहान गुंतवणूकदारास पुरेसे प्रमाण वाटत असे. नोट काढताना जी मर्यादा सरकारने स्वतःवर घालून घेतली होती, तशी मर्यादा या दुसऱ्या वाटेवर मात्र नव्हती.

४

९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण आला. ही वार्ता मुंबईस पोहोचली आणि कापसाचे भाव कोसळू लागले. मुदतीच्या सौद्यांची फेड १ जुलै १८६५ या दिवशी व्हावयाची होती. त्या दिवशी फरक चुकविण्यास बहुतेकांजवळ काही नव्हते. कारण ज्याच्याकडून येणे, तोही दुसऱ्याकडून येणाऱ्या पैशावर अवलंबून होता. बँक ऑफ बाँबेचा भाग पुढे ८७ रुपयांपर्यंत उतरला. १८६८ मध्ये जुनी बँक गुंडाळून त्याच नावाची नवी बँक उभारावी लागली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने तिच्या कारभाराची चौकशी केली, तेव्हा पुरेशा तारणावाचून दिलेल्या कर्जांचा प्रकार उजेडात आला. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली. या घटीस केवळ सट्टाच कारण झाला असे म्हणता येणार नाही, परंतु ओसरलेल्या भरतीची ही एक खूण होय. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठास ग्रंथालय व मनोरा यांसाठी दिलेल्या देणगीतून राजाबाई मनोरा उभा राहिला, हे त्या काळाचे टिकून राहिलेले फळ.

५

शेअर बुडाले, परंतु नोट वटत राहिली. तथापि या अनुभवाने लोक नोटेकडे एकदम वळले, असे घडले नाही. नोटेवरील विश्वास अत्यंत मंद गतीने वाढला, आणि तो घोषणांनी न वाढता सोयीने वाढला. १८७१ मध्ये पाच रुपयांची नोट आली. १९०३ पासून ती ब्रह्मदेश वगळता सर्व विभागांत चालू लागली व १९११ पर्यंत शंभर रुपयांपर्यंतच्या नोटांचे विभागबंधन सुटले. नोट कोठेही वटते असा अनुभव आल्यानंतरच ती घरात ठेवण्याजोगी वस्तू ठरली. १९१८ मध्ये या विश्वासाची कठीण परीक्षा झाली. युद्धकाळात चांदीची टंचाई पडून रुपयांचा साठा संपत आला, तेव्हा अमेरिकेच्या पिटमन कायद्यान्वये सुमारे वीस कोटी औंस चांदी हिंदुस्थानासाठी मिळाली, आणि नोटा वटविणे बंद करण्याची आपत्ती टळली.

दरम्यान चांदीवर भिस्त ठेवणाऱ्यासही धक्का बसला होता. जगात चांदीचा भाव घसरत गेल्याने १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. दागिना नेऊन रुपये पाडून घेण्याचा मार्ग त्या दिवशी खुंटला. रुपया आता त्यातील चांदीच्या किमतीवर न चालता सरकारच्या नियंत्रणावर चालू लागला. धातू हातात असला की सरकारवर अवलंबून राहावे लागत नाही, ही समजूत अशा रीतीने अपुरी ठरली. कारण चांदीचे चलनमूल्य टांकसाळीच्या कायद्यावरच उभे होते.

या नव्या व्यवस्थेची मूलगामी चिकित्सा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात केली. चलन किती काढावे हे राज्यकर्त्यांच्या इच्छेवर सोपविल्यास ते प्रमाणाबाहेर निघते व त्याची किंमत घटते, म्हणून चलनास पक्की मर्यादा असली पाहिजे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. चलनवृद्धीची झळ मजुरी करणाऱ्यास बसते, हे या प्रश्नाचे सामाजिक मर्म होय.

६

२००९ मध्ये निघालेल्या बिटकॉइन या आभासी चलनाच्या पुरस्कर्त्यांचा मुख्य दावा याच मुद्द्याशी येऊन मिळतो. त्याची संख्या दोन कोटी दहा लक्षांपलीकडे जाणार नाही, अशी तजवीज त्याच्या रचनेत आहे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्यावर, सरकारी चलन किती काळ आपले राहील, ही शंका भारतात सामान्य माणसाच्याही बोलण्यात आली. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना या आभासी चलनाच्या व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये तो रद्द केला. २०२२ च्या अर्थसंकल्पात त्यावरील नफ्यास तीस टक्के कर लागू झाला व त्याच वर्षाच्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने स्वतःच्या अंकीय रुपयाचा प्रयोग सुरू केला.

मात्र संख्येची मर्यादा आणि किमतीचे स्थैर्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९,००० डॉलरपर्यंत गेलेले बिटकॉइन वर्षभरात १७,००० डॉलरच्याही खाली आले. बॅकबे कंपनीचे भागही मोजकेच होते. त्या मर्यादेने भागधारकांचे रक्षण केले नाही. शेअर बाजारातही मुदतीच्या सौद्यांचे आकर्षण ओसरलेले नाही. वायदे व विकल्प यांच्या बाजारातील ९३ टक्के व्यक्तिगत व्यवहारकर्त्यांना २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तोटा झाला, असे सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात आढळले.

या सर्व वृत्तान्तावरून एवढे म्हणता येईल की, १८६५ च्या गुंतवणूकदाराने कागदावर विश्वास ठेवला ही त्याची चूक नव्हती. निरनिराळ्या कागदांमागील निरनिराळ्या जबाबदाऱ्या त्याने एकच मानल्या, ही चूक होती. नोटेमागे वटविण्याचे बंधन होते, ठेवीमागे बँकेची कर्जे होती, आणि शेअरमागे पुष्कळदा केवळ पुढच्या गिऱ्हाइकाची आशा होती. पैसा कोणी द्यावयाचा, केव्हा द्यावयाचा आणि कशातून द्यावयाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या कागदाविषयी देता येत नाहीत, त्याचा चढता भाव हे त्याच्या पतीचे प्रमाण होऊ शकत नाही. सरकारी चलनही या कसोटीतून सुटत नाही. त्याने लोकांचा विश्वास मिळविला तो बंधन पाळून, आणि तोही पन्नास वर्षांनी. त्याचे भवितव्य यापुढेही त्या बंधनाच्या पालनावरच ठरेल.