वैधानिक इशारा

‘वैधानिक इशारा’ हे दोन शब्द ऐकले की पुढचे वाक्य आपण डोळे मिटून म्हणू शकतो. पण ते वाचून कितीजणांनी सिगारेट सोडली?

सुरुवात अमेरिकेतली. धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो, असे तिथल्या सर्जन जनरलच्या अहवालाने १९६४ साली सांगितले आणि १९६६ पासून पाकिटांवर सावधगिरीची ओळ आली. आपल्याकडे १९७५ साली कायदा झाला. पाकिटाच्या कडेला बारीक अक्षरांत एक वाक्य, तेही बहुधा इंग्रजीत, कारण पाकीटच इंग्रजी. बिडी या कायद्यात नव्हतीच. म्हणजे शेतात, खाणीवर बिडी ओढणाऱ्याला सरकारने काहीच सांगितले नव्हते. फाइलवर शेरा मारून हात झटकण्याची आमची सरकारी रीत इथेही दिसते.

२००३ च्या कायद्यात बिडी, गुटखा सगळे आले. चित्रांची अधिसूचना २००६ ची, पण मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत चित्रे प्रत्यक्ष छापली गेली ३१ मे २००९ पासून. सिगारेटवर फुप्फुसांचे चित्र, तर तंबाखू-गुटख्यावर चक्क विंचू! कर्क म्हणजे खेकडा, मग विंचू कुठून आला, हे खाणाऱ्याने कसे ओळखायचे? अर्थात खेकडा छापला असता तर आम्हा गोंयकारांच्या तोंडाला पाणीच सुटले असते. कुर्ल्या पाहून कोण घाबरणार?

१ एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापला. कंपन्या कोर्टात गेल्या. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला, पण लगेच जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. त्याच वर्षी सप्टेंबरपासून सवय सोडण्यासाठी मोफत मदतीचा फोन नंबरही पाकिटावर आला. मला हा बदल सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. नुसते भय दाखवले की माणूस नजर फिरवतो, पुढे काय करायचे ते कुणीतरी सांगावे लागते.

चित्रांचा उपयोग झाला का? देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात २००९-१० साली सिगारेट ओढणाऱ्यांपैकी सुमारे ३८ टक्के म्हणाले होते की इशारा पाहून सोडण्याचा विचार मनात आला. २०१६-१७ मध्ये हे प्रमाण ६२ टक्क्यांच्या आसपास गेले. बिडीवाल्यांत २९ वरून ५४. विचार येणे आणि सोडणे यांत मोठे अंतर आहे, हे कुठलाही सिगारेट ओढणारा सांगेल. तरी विचार आल्याशिवाय सुटत नाही, हेही तितकेच खरे.

मात्र हा सगळा हिशेब पाकीट हातात घेणाऱ्याचा. आपल्या तिठ्यावरच्या गाड्यावर चहाबरोबर ‘एक दी रे’ म्हणून सुटी सिगारेट मागणाऱ्याचे काय? त्याला ना चित्र दिसते, ना फोन नंबर. पाकीट राहते गाडेवाल्याकडे. कॉलेजची पोरे तर सुटीच घेतात, कारण पूर्ण पाकिटाचे पैसे नसतात आणि ते घरी लपवायचे कुठे हाही प्रश्न असतो. म्हणजे ज्यांना अजून सहज सोडता येईल, त्यांच्यापर्यंतच इशारा पोचत नाही. शेजारच्या महाराष्ट्राने २०२० साली सुट्या विक्रीवर बंदी घातली. कॅनडाने २०२३ च्या नियमांत वेगळीच वाट धरली: इशारा पाकिटावर तर हवाच, शिवाय प्रत्येक सिगारेटच्या कागदावरही हवा.