दाद ना फिर्याद

हिंदुस्थानात दूरध्वनीचा जन्म झाला तोच सरकारी धोरणाच्या धरसोडीत. १८८० साली ओरिएंटल टेलिफोन कंपनी व अँग्लो-इंडियन टेलिफोन कंपनी ह्या दोन मंडळ्यांनी येथे दूरध्वनी केंद्रे उघडण्याची परवानगी मागितली, तेव्हा हा विषय सरकारच्या मक्त्यातील असून सरकार ते काम स्वतःच हाती घेईल, असे बजावून त्यांचे अर्ज नामंजूर करण्यात आले. आणि पुढच्याच वर्षी, मध्ये जणू काही घडलेच नव्हते अशा थाटात, त्यांपैकी पहिल्या कंपनीला कलकत्ता, मुंबई, मद्रास व अहमदाबाद ह्या चार शहरांची सनद बहाल करण्यात आली. १८८२ च्या जानेवारीत कलकत्त्याचे केंद्र सुरू झाले, तेव्हा त्या राजधानीच्या शहरातही वर्गणीदार अवघे ९३ होते. नकार आणि होकार ह्या दोन्हींच्या वाटाघाटी सरकार व कंपनी ह्या दोघांतच झाल्या. ज्याच्या घरी ते यंत्र बसायचे होते तो तिसरा पक्ष त्या बैठकीत नव्हता, आणि पुढील जवळजवळ दीड शतकाच्या इतिहासातही त्याला त्या बैठकीत क्वचितच जागा मिळाली.

ह्या तिसऱ्या पक्षाची पायरी कायद्याने ठरवून टाकली ती १८८५ साली. त्या वर्षीच्या भारतीय तार कायद्याच्या चौथ्या कलमाने तारायंत्रे उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला आणि इतरांना परवाने देण्याची मुखत्यारीही आपल्याच हाती ठेवली; नवव्या कलमाने असे सांगितले की, संदेश स्वीकारण्यात, पाठविण्यात किंवा पोचविण्यात एखाद्या तार-अधिकाऱ्याने कसूर केली व त्यातून कोणाचे नुकसान झाले, तर त्याची जबाबदारी सरकारवर राहणार नाही. दूरध्वनीचा कारभारही ह्याच कायद्याच्या छत्राखाली चालला. परकी अंमलदारांनी केलेली ही तजवीज स्वराज्यात सैल होईल, अशी आशा कोणी बाळगली असल्यास ती फोल ठरली. कारण १९५७ साली त्यात ‘७-ब’ हे नवे कलम घालण्यात आले, आणि त्यान्वये दूरध्वनीची तार, उपकरण वा यंत्र ह्यांविषयी वर्गणीदार व खाते ह्यांच्यात तंटा उपस्थित झाल्यास तो केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जावा, लवादाचा निवाडा अखेरचा समजावा आणि त्यावर कोणत्याही न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येऊ नये, असे ठरले. फिर्यादीचा पंच प्रतिवादीने नेमावा, हा न्यायाचा प्रकार आपल्या गावकीच्या पंचायतींनाही मानवला नसता.

मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील कंपन्यांचा कारभार १९४३ साली सरकारने विकत घेतला. स्वातंत्र्य मिळाले त्या वेळी एवढ्या मोठ्या देशात दूरध्वनी होते ते सुमारे ऐंशी हजार. पुढील चार दशकांत दूरध्वनी ही चैनीची वस्तू आहे असे राज्यकर्त्यांनी मानले आणि नियोजनात तिच्या वाट्याला जे उरेल ते दिले. त्याचा परिणाम म्हणून मुंबईपुण्यासारख्या शहरांत दूरध्वनीचा अर्ज हा एका पिढीने करावा आणि त्याचे फळ दुसरीने चाखावे, अशी स्थिती आली. प्रतीक्षायादीतही वर्णव्यवस्था होती: एक सर्वसाधारण वर्ग, एक डॉक्टर-पत्रकारांसारख्यांचा विशेष वर्ग, आणि एक आगाऊ रक्कम भरून रांगेत पुढे सरकणाऱ्यांचा ‘ओ.वाय.टी.’ वर्ग. ह्या साऱ्यांच्याही वर खासदारांच्या शिफारशींचा कोटा होता. ज्या सोयीवर नागरिकाचा हक्क असावयाचा, ती मेहेरनजर म्हणून वाटता येऊ लागली की राजकारणी पुरुषाला तिच्या टंचाईत रस उत्पन्न होतो, हे सांगण्यास कौटिल्याची गरज नाही.

ज्यांची पाळी येत नसे त्यांनी आपली वाट आपणच काढली. चाळीत अथवा वाड्यात ज्या एका बिऱ्हाडी फोन असे, त्याचा क्रमांक सर्वांचा होई. भेटकार्डावर, लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर तो क्रमांक छापून त्यापुढे ‘पी.पी.’ अशी दोन अक्षरे घातली जात, आणि फोन आला की त्या घरचा मुलगा जिन्यात उभा राहून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना हाक मारी. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून दिवसभर त्या यंत्राजवळ बसावे लागे. ‘ऑर्डिनरी’पेक्षा ‘अर्जंट’ला दुप्पट आणि ‘लायटनिंग’ला आठपट दाम, अशी घाईचीही प्रतवारी होती. कानपूर व लखनौ ह्या दोन शहरांत १९६० साली थेट परगावी फोन फिरविण्याची सोय झाली खरी, पण ती सर्वसामान्यांच्या आटोक्यात यायला आणखी पंचवीस वर्षे जायची होती. पावसाळ्यात फोन ‘डेड’ होई, १९८ वर तक्रार नोंदविली जाई, आणि लाइनमनची स्वारी केव्हा येईल हे बहुधा गेल्या दिवाळीच्या पोस्तावर अवलंबून राही. तथापि ज्यावरून हा सगळा मामला चाले, ते बंगळूरच्या सरकारी कारखान्यातील जडशीळ काळे यंत्र, हे मान्य केले पाहिजे, सहसा बिघडत नसे. बिघाड असे तो तारेत, केंद्रात किंवा दफ्तरात.

केंद्रातील बिघाडाची एक कथा विशेष बोधप्रद आहे. १९६४ साली सरकारने बेल्जियममधील एका कारखानदार कंपनीशी करार करून ‘पेंटाकॉन्टा’ जातीची क्रॉसबार केंद्रे येथे बनविण्याचे तंत्र घेतले. युरोपात घरोघरी फोन असल्यामुळे एकेका फोनवरून दिवसाकाठी थोडीच संभाषणे होत, आणि त्या मानाने ती यंत्रणा आखलेली होती. आपल्याकडे एकेका फोनवर अख्खी चाळ, अख्खी पेढी किंवा अख्खे कार्यालय बोलत असल्यामुळे तिच्यावर कल्पनेपलीकडचा भार पडला आणि ती जागोजागी अडखळू लागली. राँग नंबर आणि मध्येच शिरणारे परक्याचे संभाषण ह्यांचे खापर लोक यंत्रावर किंवा कामगारांच्या आळसावर फोडीत. परंतु मूळ असे की, ज्या टंचाईने शेजाऱ्याला शेजाऱ्याच्या फोनवर नेऊन उभे केले, त्याच टंचाईने ते विदेशी यंत्रही मोडकळीस आणले, आणि करारावर सह्या होताना आपला मनुष्य फोन कसा वापरतो हा प्रश्न पुरेशा गांभीर्याने विचारात घेतला गेला नाही.

तो प्रश्न विचारला गेला १९८४ साली. सॅम पित्रोदा ह्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ ह्या संस्थेला छत्तीस महिने व छत्तीस कोटी रुपये देण्यात आले, आणि तेथील तरुण अभियंत्यांनी धूळ, उकाडा व विजेचा लपंडाव सोसू शकणारे १२८ जोडण्यांचे छोटे ग्रामीण केंद्र सिद्ध केले. १९८६ साली ते कर्नाटकातील कित्तूर येथे प्रथम बसविण्यात आले. त्याच वर्षी मुंबई व दिल्ली ह्यांचा कारभार महानगर टेलिफोन निगमाकडे गेला. ह्या बदलांच्या जोडीला एक साधा विचार आला, आणि तोच ह्या इतिहासातील सर्वांत लोकहितकारक ठरला: फोन प्रत्येकाच्या मालकीचा होणे दूर असले, तरी प्रत्येकाच्या हाताशी असणे शक्य आहे.

त्यातून पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. बूथ जन्मास आले. काचेची एक माणूसभर खोली, आत फोन, बाहेर लाल आकडे पळविणारा मीटर आणि संभाषण संपताच बाहेर पडणारा पावतीचा चिटोरा, एवढ्या सामग्रीवर नाक्यानाक्यावर एक नवा धंदा उभा राहिला. परवाने देताना अपंगांना व माजी सैनिकांना अग्रक्रम असल्यामुळे, ज्यांना इतरत्र कोणी दाराशी उभे केले नसते अशा कितीतरी माणसांना गल्ल्यामागची खुर्ची मिळाली. रात्री अकरा वाजल्यानंतर चतुर्थांश दर लागू होत असल्याने पुण्यातील विद्यार्थी आणि मुंबईतील कोकणचे चाकरमानी जेवणे आटोपून रांगा लावीत. काचेआड कोण रडले, कोणाचे लग्न जमले आणि कोणाची मनिऑर्डर पोचली नाही, हे बूथवाल्याला बाहेरून दिसे आणि तो मीटरकडे पाहत राही. २००८ च्या सुमारास देशातील सार्वजनिक फोनांची संख्या साठ लाखांच्या घरात गेली, आणि त्यानंतरच्या सात-आठ वर्षांत ती दशांशावर आली. कर्ज काढून मीटर व केबिन घेतलेल्या ह्या बूथवाल्यांना द्यावयाची पूर्वसूचना म्हणा, भरपाई म्हणा, कोणत्याही धोरणाच्या अग्रभागी आल्याचे दिसत नाही.

मक्तेदारी सुटली ती १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीतील दूरसंचार मंत्री सुखराम ह्यांच्याशी मोबाइलवरून पहिले संभाषण केले. आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात त्याच खात्याच्या निविदांवरून विरोधी पक्षांनी संसदेचे कामकाज दिवसेंदिवस बंद पाडले. पुढील ऑगस्टात केंद्रीय अन्वेषण विभागाने सुखराम ह्यांच्या घरांवर घातलेल्या छाप्यांत कोट्यवधींची रोकड हाती लागली व कालांतराने न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. तत्पूर्वी, १९९८ साली, ज्या पक्षाने संसद रोखून धरण्यात पुढाकार घेतला होता त्याचेच हिमाचल प्रदेशातील सरकार ह्याच गृहस्थांच्या नव्या पक्षाच्या टेकूवर उभे राहिले होते. इकडे मोबाइलधारक मात्र मिनिटाला सोळा रुपये ऐंशी पैशांपर्यंत दाम मोजत होता, आणि तेही फोन करण्याचे व घेण्याचे असे दोन्हीकडून. येणारे फोन निःशुल्क व्हायला २००३ चा मे महिना उजाडला.

एकदा स्पर्धेचे दार उघडल्यावर यंत्रांचे आयुष्य झपाट्याने आखूड होत गेले. १९९५ च्या सुमारास आलेला पेजर, कंबरेला लावणाऱ्याची प्रतिष्ठा वाढवितो न वाढवितो तोच, दशकभरात अडगळीत गेला. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सने आरंभी पाचशे एक रुपये घेऊन फोन देण्याची योजना काढली आणि रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत अनेकांच्या हाती प्रथमच फोन आला, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु ‘सीडीएमए’ पद्धतीचा तो फोन दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या जाळ्यात चालणारा नव्हता, त्यामुळे यंत्र गिऱ्हाइकाच्या खिशात आणि किल्ली कंपनीच्या हाती असा प्रकार झाला, व २०१६ च्या सुमारास ती सेवा गुंडाळली गेली तेव्हा असले चालू स्थितीतील फोनही निकामी झाले. जानेवारी २००८ मध्ये वाटलेले मोबाइल सेवेचे १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी रद्द केले. ह्या प्रकरणी महालेखापरीक्षकांनी संभाव्य नुकसानीचा आकडा एक लाख शहात्तर हजार कोटींपर्यंत नेला होता, आणि २०१७ च्या डिसेंबरात विशेष न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष मुक्त केले. अपराध कोणाचा ह्याचा निकाल असा लागला. बंद पडलेल्या कंपन्यांच्या वर्गणीदारांनी मात्र आपापली सोय पाहावी, हे त्या आधीच ठरून गेले होते. २०१३ च्या जुलैत सरकारी तारसेवाही संपली. ज्या तारेसाठी १८८५ चा कायदा झाला ती तार गेली, कायदा राहिला.

आणि तो नुसता राहिला नाही, तर अडवा आला. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानंतर फोनच्या अवाजवी बिलांविरुद्ध लोक ग्राहक मंचांकडे जाऊ लागले होते. १ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, ‘७-ब’ कलमाने खास उपाय सांगितला असल्यामुळे अशा तंट्यांत मंचांना अधिकार नाही. तो दरवाजा पुन्हा निःसंदिग्धपणे उघडला १६ फेब्रुवारी २०२२ रोजी, ग्राहक मंचांचा अधिकार अबाधित असल्याचे त्याच न्यायालयाने सांगितले तेव्हा. साडेबारा वर्षांच्या ह्या अंतरात देशातील वर्गणीदारांची संख्या शंभर कोटींच्या पलीकडे गेली, आणि तक्रारीसाठी फोन करणाऱ्या प्रत्येकाला कंपनीच्या ध्वनिमुद्रित आवाजाकडून ‘एक दाबा, दोन दाबा’ अशा आज्ञा पाळाव्या लागल्या. लाइनमनला निदान नाव होते.

१८८५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा करण्यात आला. त्यात तक्रारीची ऑनलाइन व्यवस्था सांगितली असून ग्राहक संरक्षण कायद्याखालील हक्कही राखला आहे, हे योग्यच झाले. परंतु ह्या इतिहासाकडे पाहता एक गोष्ट नजरेआड करता येत नाही: काळा फोन असो, बूथचा मीटर असो, पेजर असो की पाचशे एक रुपयांचा फोन असो, ह्यांपैकी कोणाचेही आयुष्य मुख्यतः धातूच्या वा प्लास्टिकच्या झिजेने ठरले नाही, ते परवान्याच्या शर्तींनी, निविदांच्या आकड्यांनी आणि कंपन्यांच्या ताळेबंदांनी ठरले. तंत्रज्ञान अल्पायुषी असते असे म्हणून आपण खांदे उडवितो, तेव्हा माणसांनी घेतलेल्या निर्णयांना आपण निसर्गनियमाची प्रतिष्ठा बहाल करीत असतो. चालू सेवेतील दोषाची दाद मागण्याचा मार्ग आता मोकळा झाला आहे. पण सेवाच बंद करून ज्याचे चालू यंत्र निकामी केले, त्या गिऱ्हाइकाला आणि कर्ज काढून धंदा थाटलेल्या त्या बूथवाल्याला किती मुदतीची सूचना व किती भरपाई मिळावी, हे परवाना देतानाच लिहून घेण्याचा शिरस्ता पडला पाहिजे. १८८० साली जी बैठक दोघांत झाली तीत तिसऱ्याला बसवून घेण्याचा याहून साधा मार्ग दिसत नाही, आणि परवाने देण्याची मुखत्यारी ज्या सरकारने इतकी वर्षे हातची सोडली नाही, त्याला ही एक शर्त घालणे अवघड असण्याचे कारण नाही.