मांडीवरची भाषा

मुळशी तालुक्यातल्या आमच्या पौडची एक बाई मूल सांभाळायचं काम विचारायला हिंजवडीला गेली होती. शब्द मीच टाकला होता. बाळाचे आई-वडील दोघेही आयटी पार्कात नोकरीला. ‘किती शिकलात?’ ‘सातवी.’ ‘इंग्रजी येतं?’ ‘न्हाई.’ बाळाच्या कानावर चुकीची भाषा पडेल, म्हणून काम मिळालं नाही. स्वतःची तीन मुलं वाढवलेली ती बाई परतताना गप्प होती.

तेव्हापासून मला जुन्या गोष्टी आठवताहेत. 1657 साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. कापूरहोळच्या धाराऊ गाडे त्यांच्या दूधआई झाल्या. मावळातली ती माउली राजपुत्राला मांडीवर घेऊन मावळी बोलीतच बोलली असणार. त्याच राजपुत्राने पुढे संस्कृतात ‘बुधभूषण’ रचला.

‘आया’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. पुढे इंग्रजांच्या घरांतही आया आल्या. रुडयार्ड किपलिंग 1865 साली मुंबईत जन्मला. त्याने आत्मचरित्रात लिहिलं आहे, की नोकरमाणसांत वाढलेली ही मुलं देशी भाषेतच विचार करायची. आई-वडिलांकडे पाठवताना त्यांना बजावावं लागे, की आता इंग्रजीत बोला! त्याच किपलिंगला 1907 साली इंग्रजी लेखनासाठी नोबेल मिळालं. आयेच्या भाषेने त्याचं इंग्रजी बिघडलं नाही.

माझंच सांगतो. आमच्या घरी दखनी बोलली जायची. अम्मी भातलावणीला गेली, की शेजारच्या मावशी मला सांभाळायच्या. त्या अंगठा उठवायच्या. पुढे मी बी.ए. झालो, मराठीत कविता लिहू लागलो. व्याकरण कॉलेजात शिकलो. पण ‘मया’, ‘उमाळा’, ‘आवंदा’ हे शब्द मावशींच्या मांडीवरचे.

औषधाच्या बाटलीवरचं वाचता यावं, अडचणीला फोन लावता यावा, ही अपेक्षा रास्तच आहे. नसेल येत, तर चार दिवस बसून शिकवावं. इंग्रजी मात्र आई-वडिलांनी संध्याकाळी बोलावं. पुढे शाळा आहेच. सांभाळणाऱ्या बाईने तिला येते ती भाषा पोटभर बोलावी. गप्प बसलेल्या बाईजवळ मूल कुठलीच भाषा शिकत नाही.

ती बाई आता दुसऱ्या घरी कामाला जाते. परवा रस्त्यात भेटली, बाळ कडेवर होतं. माझ्याकडे बघून म्हणालं, ‘मावशी, चल की!’ त्याचे आई-वडील केरळचे आहेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)